शाळेच्या मैदानातलं सरकार

सचिन तेंडुलकरने शाळा बदलली, ही गोष्ट आपल्याकडे शुभशकुनासारखी सांगितली जाते. वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकणारा मुलगा शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या नेटमध्ये जातो. सर सुचवतात, क्रिकेट मनावर घ्यायचं असेल तर शारदाश्रममध्ये जा. घरचे हो म्हणतात. रोजचा प्रवास वाचावा म्हणून मुलगा आई-वडिलांचं वांद्र्याचं घर सोडून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला जातो. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात विनोद कांबळीबरोबरची ती ६६४ धावांची नाबाद भागीदारी होते. त्यानंतरचं सगळं तुम्हाला पाठ आहे.

आता हाच मुलगा त्या वर्षांत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात असता तर? शाळा बदलली, पण आई-वडिलांचा पत्ता बदलला नाही. जुन्या शाळेकडून तो वर्षभरात एखादा सामना खेळला असेल, तर नव्या शाळेच्या संघातून बारा महिने बाद. वर ‘आमच्या शाळेत ये’ हे ज्याने सुचवलं तो त्या शाळेचा कोच, म्हणजे शाळेवर ‘भरती’चा ठपका. दंड, चौकशी, बहुधा बाद फेरीतून हकालपट्टी. आपल्याकडे जी दंतकथा झाली, ती तिथे शिस्तभंगाची फाइल झाली असती.

हा नियम वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग. मग मी ज्यांनी तो केला त्यांचा इतिहास वाचत गेलो, आणि आता मला तो नियम बराचसा पटतो. त्याहून जास्त मला एक दुसराच प्रश्न चिकटला: हा नियम करणारे हे लोक आहेत कोण? सरकार, की एखादा क्लब?

कंपनीने मला सहा महिन्यांसाठी नॅशव्हिलला पाठवलं होतं. हॉस्पिटलच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर; त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण शरद ऋतूतल्या दर शुक्रवारी ऑफिस चार वाजताच रिकामं व्हायचं, कारण रात्री शाळांचे फुटबॉलचे सामने. आपला फुटबॉल नव्हे, त्यांचा: हेल्मेट, खांद्याला चिलखत, अंड्यासारखा चेंडू. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा खेळ बघायला हजारो माणसं तिकीट काढून येतात. शाळेचा बँड असतो, आजोबा-आजी असतात, गावातला गाड्यांचा डीलर असतो. माझ्या शेजारी बसलेला सहकारी समोरच्या खासगी शाळेच्या संघाकडे बोट दाखवून म्हणाला, “हे लोक पोरं उचलून आणतात.” आपल्याकडे कबड्डीच्या मैदानाबाहेर ज्या सुरात म्हणतात, अगदी त्याच सुरात.

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. शालेय खेळांचं वरपासून खालपर्यंत एकच राष्ट्रीय मंडळ तिथे नाही. एक राष्ट्रीय फेडरेशन आहे, ते मुख्यतः खेळांचे नियम ठरवून छापतं. कोण खेळू शकतो, कोणत्या वयापर्यंत, किती मार्क हवेत, शाळा बदलल्यावर काय, मोसम कधी सुरू होतो, अजिंक्यपदाची स्पर्धा कुठे, हे सगळं प्रत्येक राज्यातली शाळांची संघटना ठरवते. टेनेसीतली अशी संघटना १९२५ पासूनची: टेनेसी सेकंडरी स्कूल ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे टीएसएसएए. मी पुढे तिला नुसतं ‘संघटना’ म्हणतो.

कागदावर ही संघटना खासगी आहे. शाळा तिच्या सभासद. नियम करायला एक ‘लेजिस्लेटिव्ह कौन्सिल’, कारभार करायला एक ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ (नाव ओळखीचं वाटतंय ना? त्याकडे येतोच). दोन्हींवर सभासद शाळांमधून निवडून आलेले मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी. पैसा सरकारी तिजोरीतून नाही, मुख्यतः राज्य स्पर्धांच्या तिकीटविक्रीतून. सभासद होण्याची सक्ती कुणावरही नाही. फक्त झालं नाही, तर खेळायला समोर कुणी मिळत नाही.

आता कागद बाजूला ठेवून बघू. १९९०च्या दशकात मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी ८४ टक्के सरकारी शाळा होत्या, सुमारे २९०. खासगी शाळा ५५. बोर्डावर आणि कौन्सिलवर मत असलेली सगळी माणसं सरकारी शाळांची. राज्याच्या शिक्षण मंडळाचे सदस्य पदसिद्ध म्हणून बैठकांना हजर. संघटनेच्या कर्मचाऱ्यांना राज्याच्या पेन्शन योजनेत जागा. १९७२ मध्ये तर शिक्षण मंडळाने नियमातच लिहून टाकलं होतं, की राज्यातल्या शालेय खेळांवर देखरेख करणारी संस्था हीच. १९९६ मध्ये ते वाक्य काढून टाकलं. बाकी काहीच बदललं नाही.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. काम व्हेंडरला दिलं, करारावर सही झाली, आणि काही बिघडलं की ‘ते आमच्याकडे नाही, व्हेंडरकडे आहे’. राज्याने आपल्या पोरांचे खेळ असेच बाहेर दिले होते. आणि ‘ते आमच्याकडे नाही’ या वाक्याची किंमत कुणी मोजली, हे बघायचं तर १९६६ कडे जावं लागतं.

उत्तर नॅशव्हिलमध्ये पर्ल हायस्कूल नावाची काळ्या मुलांची शाळा होती. वंशभेदाच्या काळातली, म्हणजे गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. खेळांची संघटनाही वेगळी. पर्लचा बास्केटबॉल संघ असा होता, की काळ्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी १९५८, १९५९ आणि १९६० अशी सलग तीनदा जिंकली. १९६३ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने कॉलेजचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघातले लेस हंटर आणि व्हिक राउस हे दोघे पर्लचेच. एवढी सगळी वर्षं टेनेसीचा ‘राज्य विजेता’ म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव कोरलं जात होतं, आणि त्या विजेत्याला गावातल्याच या संघाशी कधी खेळावं लागलं नव्हतं. सरकारी शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य, असा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ चा. मैदानावर तो पोचायला अकरा-बारा वर्षं लागली.

१९६६ ची राज्य स्पर्धा ही काळ्या शाळांनाही खुली असलेली पहिली. पर्लने तो मोसम ३१ विजय, शून्य पराभव असा संपवला. अंतिम सामना व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मेमोरियल जिममध्ये १९ मार्चला झाला. योगायोग बघा, त्याच रात्री मेरिलँडमध्ये टेक्सस वेस्टर्नने पाच काळे खेळाडू उतरवून केंटकीच्या गोऱ्या संघाला हरवलं. त्या सामन्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला. पर्लवर नाही.

पर्लच्या त्या संघातला पेरी वॉलेस नंतर व्हँडरबिल्टमध्येच गेला आणि साउथ-ईस्टर्न कॉन्फरन्समधला पहिला काळा बास्केटबॉल खेळाडू झाला. मिसिसिपी-अलाबामाच्या जिममध्ये त्याने जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. शिकला तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. (हे वाचून मला उगाच बरं वाटलं.) मग कोलंबियातून वकिली केली आणि कायद्याचा प्राध्यापक झाला.

गोष्ट इथे गोड होते म्हणून एक गोष्ट निसटते. पर्लला दार उघडलं, ते संघटनेने उघडलं म्हणून. नसतं उघडलं तर? ‘आम्ही खासगी संस्था आहोत, कुणाला सभासद करायचं ते आम्ही ठरवू’ असं म्हटलं असतं तर? अमेरिकेच्या घटनेतली समानतेची हमी, चौदावी दुरुस्ती, सरकारला बांधते. क्लबला नाही. (वंशाचा भेद करणाऱ्या खासगी धंद्यांवर नंतर वेगळे कायदे आले, पण घटनेचा तो मूळ दरवाजा फक्त सरकारविरुद्ध उघडतो.) त्यामुळे ‘संघटना म्हणजे सरकार का?’ हा वकिली कीस वाटणारा प्रश्न एखाद्या मुलासाठी ‘मला दाद मागता येईल का?’ एवढाच असतो.

लुइझियानात हे खरंच घडलं. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट ऑगस्टीन या काळ्या मुलांच्या कॅथलिक शाळेला तिथल्या राज्य संघटनेने सभासदत्व नाकारलं. शाळा कोर्टात गेली. संघटना म्हणाली, आम्ही खासगी. १९६८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की सभासद बहुतेक सरकारी शाळा, कामकाज सरकारी मुख्याध्यापकांचं, त्यामुळे तुम्ही जे करता ते राज्यच करतं. शाळेला आत घ्या. पुढे तेहेतीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात हा निकाल पुन्हा वर आला, पण अगदी वेगळ्या तऱ्हेच्या शाळेसाठी.

त्याआधी एका मुलीची गोष्ट. टेनेसीतच, ओक रिज गावात. होय, तेच गाव, जिथे अणुबॉम्बसाठी युरेनियम तयार झालं. १९७६ साल. टेनेसीत मुली बास्केटबॉल खेळायच्या, पण वेगळ्या नियमांनी. प्रत्येक संघात पाच नव्हे, सहा जणी. तीन बचावाला, तीन आक्रमणाला. मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. म्हणजे बचावातल्या मुलीने सबंध शालेय आयुष्यात सामन्यात एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकायचा नाही. आपल्याकडचा जवळचा दाखला द्यायचा तर असं समजा, की मुलींच्या कबड्डीत चढाई करणाऱ्या वेगळ्या आणि पकड करणाऱ्या वेगळ्या, आणि पकड करणारीने जन्मात चढाई करायची नाही.

बचावात खेळणारी ती मुलगी कोर्टात गेली. तिचं म्हणणं साधं होतं. मुलांना पूर्ण कोर्टाचा खेळ, मग मला अर्धा का? कॉलेजं पाच जणींचा खेळ खेळतात, शिष्यवृत्ती देतात. ज्या मुलीने कधी नेमच धरला नाही तिला कोण घेणार? संघटनेने बचावात जी कारणं दिली, ती वाचताना मला वाटलं कुणीतरी विडंबन लिहिलंय. नाजूक मुलींना पूर्ण कोर्ट धावून इजा होईल. सहा जणींना खेळता येतं, म्हणजे जास्त जणींना संधी. धांदरट, अवघडलेल्या मुलींनाही बचावात जागा मिळते. खेळ वेगवान होतो आणि प्रेक्षक भरतात. आणि शेवटचं, सगळ्यात प्रामाणिक: सध्याचं बरं चाललंय, बदलायचा त्रास होईल.

नॉक्सव्हिलचे जिल्हा न्यायाधीश मुलीच्या बाजूने गेले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अपील कोर्टाने निकाल फिरवला. खेळ कसा खेळायचा यात आम्ही पडणार नाही, अशा धाटणीचा. लक्षात घ्या, ‘तुम्ही सरकार नाही’ या मुद्द्यावर ती हरली नाही. दार उघडं होतं, आतल्या माणसाने ऐकलं नाही.

टेनेसीत सहा जणींचा खेळ बंद झाला तो कोर्टाच्या हुकमाने नाही. त्याच १९७६ मध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, माँट्रियलला. अमेरिकेला रौप्य मिळालं. त्या संघाच्या कर्णधारांपैकी एक होती टेनेसीतल्या शेतकऱ्याची मुलगी, पॅट हेड, पुढची पॅट समिट, टेनेसी विद्यापीठाची दंतकथा झालेली कोच. तिने जाहीरच करून टाकलं, की राज्यातल्या शाळा पाच जणींचा खेळ खेळत नाहीत तोवर मी राज्यातल्या मुली माझ्या संघात घेणार नाही. दशक संपता संपता संघटनेने नियम बदलला. घटनेने जे झालं नाही ते पॅट समिटने केलं. मला हे आवडतं आणि जरा खुपतंही, कारण प्रत्येक अन्यायाला एक पॅट समिट मिळत नाही.

आता ते पत्र.

ब्रेंटवुड हे नॅशव्हिलच्या दक्षिणेचं श्रीमंत उपनगर. मोठी घरं, मोठ्या हिरवळी. तिथली ब्रेंटवुड अकादमी ही खासगी, ख्रिस्ती शाळा फुटबॉलमध्ये दबदबा राखून होती. १९९७ च्या वसंतात तिच्या फुटबॉल कोचने आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवलं. ही मुलं पुढच्या वर्षी अकादमीत येणार होती. पालकांनी करारावर सह्या केल्या होत्या. पण संघटनेच्या व्याख्येत ती अजून अकादमीची नव्हती, कारण त्यांनी तिथे एकाही वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, की वसंतातला सराव सुरू होतोय, साहित्य वाटणार आहोत, जितक्या लवकर याल तितकं तुमच्या फायद्याचं. सही कशी केली होती? ‘तुमचा कोच’.

या दोन शब्दांवर खटला दहा वर्षं चालला, असं म्हटलं तर थोडीशीच अतिशयोक्ती होईल. मुलं अजून दुसऱ्या शाळेत बसतात, त्यांना त्या शाळेचे कोच आहेत, आणि कुणीतरी त्यांना ‘मी तुमचा कोच’ म्हणून पत्र लिहितं. संघटनेने ठपका ठेवला: खेळासाठी मुलांवर गैरवाजवी प्रभाव टाकला. चार वर्षं प्रोबेशन, फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉल संघाला दोन वर्षं बाद फेरीची बंदी, तीन हजार डॉलर दंड. ज्या अधिकाऱ्यांनी ही शिक्षा दिली त्यांच्यातले मत असलेले सगळे सरकारी शाळांचे, म्हणजे अकादमीचे प्रतिस्पर्धी. हेही विसरू नका.

अकादमी फेडरल कोर्टात गेली. म्हणणं असं, की पत्र लिहिणं हे आमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सुनावणी धड झाली नाही. पण त्याआधी तोच जुना अडसर. अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारविरुद्ध असतं, क्लबविरुद्ध नाही. जिल्हा न्यायालयाने अकादमीच्या बाजूने निकाल दिला, अपील कोर्टाने फिरवला. प्रकरण वॉशिंग्टनला पोचलं.

सर्वोच्च न्यायालयासमोर एक ताजी आडकाठीही होती. १९८८ मध्ये कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, सरकार नाही, असं याच न्यायालयाने पाच विरुद्ध चारने ठरवलं होतं. पण ती पन्नास राज्यांत पसरलेली. एका राज्याचं कृत्य म्हणणार कुठल्या? आणि त्याच निकालात सूचक शब्द होते, की सगळे सभासद एकाच राज्यातले असते तर वेगळा विचार झाला असता. टेनेसीची संघटना नेमकी तशी.

२० फेब्रुवारी २००१. पुन्हा पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचा मुद्दा मराठीत सांगायचा तर, इथे सरकारने संघटनेला हुकूम दिला का, पैसे दिले का, असं एकेक बोट मोजत बसू नका. सरकारी शाळा, सरकारी मुख्याध्यापक, शिक्षण मंडळाची माणसं, पेन्शन, या सगळ्यात संघटनेची मुळं इतकी गुंतली आहेत, की ‘खासगी’ हे नावापुरतं उरलं आहे. आणि १९९६ मध्ये नियमातलं वाक्य खोडलं, तर त्याने झाड बदलत नाही. आधार म्हणून घेतलेल्या निकालांमध्ये सेंट ऑगस्टीनचाही होता. काळ्या मुलांच्या शाळेने उघडलेल्या दारातून एक श्रीमंत उपनगरी शाळा आत आली. मला हा विरोधाभास बोचला, हे कबूल करायला हवं. पण दार कुणी उघडलं यावर ते कुणासाठी आहे हे ठरत नाही.

विरोधात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणंही हलकं नाही. ही संघटना राज्याने जन्माला घातली नाही, शाळांनी आपणहून उभी केली. राज्य तिला पोसत नाही, चालवत नाही. नुसत्या ‘गुंतण्या’वरून सरकार ठरवायला लागलात, तर उद्या सरकारी माणसं सभासद असलेली कुठलीही संस्था कोर्टात खेचली जाईल. हे वाचताना मला आमच्या तालुक्यातली शिक्षकांची पतपेढी आठवली. सभासद सगळे जिल्हा परिषदेचे मास्तर. म्हणून ती सरकार होत नाही. थॉमस यांची भीती खरी आहे. पण पतपेढी माझ्या मुलीने कोणता खेळ कसा खेळायचा हे ठरवत नाही, आणि तिच्याबाहेर दुसरी पतपेढी असते. शालेय खेळाला दुसरं मैदान नसतं. म्हणून मी सूटरकडे.

यानंतर चारच वर्षांनी हाच प्रश्न दिल्लीत आला. प्रक्षेपणाच्या हक्कांवरून झी टेलिफिल्म्सने बीसीसीआयविरुद्ध याचिका केली. बोर्ड ऑफ कंट्रोल, आपलं. राज्यघटनेच्या कलम १२ मध्ये ‘राज्य’ म्हणजे काय ते दिलंय. बीसीसीआय त्यात बसतं का? फेब्रुवारी २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोनने सांगितलं: नाही. सरकार त्याला पैसे देत नाही, चालवत नाही. थॉमस जे म्हणत होते जवळपास तेच. पण आपल्या न्यायालयाने एक खिडकी उघडी ठेवली. बीसीसीआय सार्वजनिक काम करतं, भारताचा संघ निवडतं, म्हणून कलम २२६ खाली उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध जाता येईल. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीसीसीआयच्या निवडणुका आणि कारभारात हात घातला, तो याच सार्वजनिक कामाच्या आधारावर. अमेरिकेत दार हो किंवा नाही. आपल्याकडे दार बंद, खिडकी उघडी. इंजिनिअर म्हणून मला आपली सोय जास्त व्यवहारी वाटते.

आणि महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांबाबत तर हा वादच नाही. मुंबईत हॅरिस शिल्ड, जाइल्स शिल्ड भरवणारी शाळांची संघटना आहे, टेनेसीच्या वळणाची. पण राज्यभरात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी जी शिडी आहे ती थेट सरकारची, क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची. १४, १७, १९ वर्षांखालचे गट. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याची सही. त्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि पुढे राज्यस्तर-राष्ट्रीय स्तराच्या कामगिरीवर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण. म्हणजे कबड्डीच्या मैदानावरच्या त्या चाळीस मिनिटांना फौजदाराच्या नोकरीचं वजन असू शकतं. आणि वजन आलं की उचलून आणलेली पोरं येतात, खोटे जन्मदाखले येतात.

मी दहावीत १७ वर्षांखालच्या कबड्डी संघात होतो, उजवा कोपरा. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात समोरच्या संघात एक चढाईपटू होता. आदल्या वर्षी तो दुसऱ्याच तालुक्यातल्या शाळेकडून खेळताना आम्ही सगळ्यांनी पाहिलेला, आणि सकाळीच दाढी केल्याचा हिरवट रंग त्याच्या गालावर होता. आमच्या पीटीच्या सरांनी लेखी हरकत दिली, फी भरली, जनरल रजिस्टरचा उतारा मागितला. टेबलामागच्या साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आता खेळून घ्या, नंतर बघू.” आम्ही चार गुणांनी हरलो. नंतर कुणी बघितलं नाही. सर दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले नाहीत, कारण तोवर विभागीय स्पर्धाही संपली होती. समोर साक्षात सरकार होतं. कलम १२, कलम २२६, दार-खिडकी सगळं आमच्या बाजूने होतं.

त्यामुळे खटल्याचा दुसरा भाग वाचताना मी नियमाच्या बाजूने वाचत होतो. ‘तुम्ही सरकार आहात’ एवढं ठरल्यावर मूळ प्रश्न उरलाच होता: पत्रावर बंदी घालणारा नियम घटनेत बसतो का? खटला पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. २१ जून २००७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि या वेळी नऊच्या नऊ न्यायमूर्ती संघटनेच्या बाजूने. मुख्य निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा. शाळेला बोलायचं स्वातंत्र्य आहे. माहितीपत्रकं छापा, जाहिराती करा. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कोचने थेट गाठून भुरळ घालणं वेगळं. त्या वयात ‘तुमचा कोच’ हे दोन शब्द नाही म्हणण्याची ताकद काढून घेतात. शिवाय अकादमी आपणहून संघटनेत आली होती, नियम माहीत असताना. सुनावणीत त्रुटी असतील-नसतील, पण त्यांनी निकाल बदलला नसता. थॉमस यांनी सहमती दिली, आणि जाता जाता म्हणाले, की २००१ चा निकालच चुकीचा होता.

म्हणजे संघटना पहिली लढाई हरली आणि दुसरी जिंकली. ती सरकार ठरली, म्हणून तिला आपला नियम कोर्टासमोर उभा करून समजावून सांगावा लागला. आणि सांगितल्यावर तो टिकला. १९७६ मध्ये मुलींच्या नियमासाठी दिलेली कारणं आणि २००७ मध्ये भरतीबंदीसाठी दिलेली कारणं शेजारी ठेवून वाचा. पहिली यादी प्रेक्षक आणि त्रास यांच्याबद्दल आहे, दुसरी मुलांबद्दल.

पत्र मिळालं तेव्हा ती मुलं आठवीत होती. निकाल लागला तेव्हा ती तेवीस-चोवीस वर्षांची होती.